‘माझा माणूस आहे’

मागच्या नोव्हेंबरात मुलीच्या शाळेत ‘आपापल्या घरचा खाऊ’ आणायचा दिवस होता, म्हणून शंकरपाळे करायला घेतले. प्रमाण पाठ आहे, तरी आईच्या हातची वही उघडून समोर ठेवल्याशिवाय माझा हात तुपाच्या डब्याकडे जात नाही. त्या वहीची पानं तेलाचे डाग पडून पडून आरपार दिसण्याइतकी पातळ झाली आहेत. पानं उलटताना अनारशांपाशी एक पांढरं कार्ड खूण म्हणून खोचलेलं सापडलं. मतदानाचं कार्ड. १५ नोव्हेंबर २०१२, सकाळी सात ते रात्री दहा, अमुक चर्चचा हॉल, कॉव्हेंट्री. मुलगी ओट्याशी उभी राहून कच्चं पीठ तोंडात टाकत होती. तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “आई, कुणाला दिलं होतंस गं मत?”

मला आठवेना.

दिवस लख्ख आठवत होता. त्या वर्षी भाऊबीज नेमकी त्या गुरुवारी आली होती. सकाळी संगणकाच्या पडद्यापुढे निरांजन फिरवून कोल्हापुरातल्या भावाला ओवाळलं, त्यानं तिकडून खिशातून पाकीट काढल्यासारखं केलं, दोघंही हसलो आणि पडदा मिटल्यावर मी जरा वेळ तशीच बसून राहिले. मग आठ महिन्यांच्या लेकीला गाडीत घातलं, वरून पावसाचं प्लॅस्टिक ओढलं आणि निघाले. इंग्लंडात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, पुण्याहून आलेल्या त्या पुष्कळ घरांपैकी आमचं एक. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे राहत असेल तर त्याला मत देता येतं, हे कळलं तेव्हा मला फार अप्रूप वाटलं होतं. अजून गल्लीतल्या चार माणसांची नावं माहीत नव्हती आणि हा देश मला विचारत होता, की आमच्या पोलिसांवर लक्ष कुणी ठेवावं असं तुम्हाला वाटतं?

हॉलमध्ये ओल्या लाकडाचा आणि कुणाच्या तरी थर्मासमधल्या चहाचा वास होता. दोन कर्मचारी बायका एका टेबलामागे बसल्या होत्या. मला बघून त्यातली एक चक्क उभीच राहिली, दुकानदार गिऱ्हाईक आलं की उभा राहतो तशी. माझ्याशिवाय आत कुणी नव्हतं. मतपत्रिकेवर दोन रकाने होते, पहिल्या पसंतीचा आणि दुसऱ्या पसंतीचा. पेटीपाशी दोऱ्यानं बांधलेली बोटभर पेन्सिल. पेन्सिलीनं मत द्यायचं हे मला पटेचना, खोडून टाकलं तर काय, असं वाटत राहिलं. बाहेर पडताना मी सवयीनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. शाई लावायची नव्हती. ती बाई माझ्या बोटाकडे बघत राहिली आणि मी ते बोट लेकीच्या टोपीकडे वळवलं.

उमेदवारांची नावं घराबाहेर पडताना वाचली होती, कारण त्या निवडणुकीसाठी घरोघर पत्रकं वाटण्याची सोयही सरकारनं केली नव्हती. ज्याला हवं त्यानं इंटरनेटवर बघायचं. पदाचं नाव ‘पोलीस आणि गुन्हे आयुक्त’. आपल्याकडच्या वाचकाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण आपला पोलीस आयुक्त म्हणजे वर्दीतला, गाडीवर दिवा असलेला अधिकारी. इथला हा आयुक्त साध्या कपड्यातला, मतांवर निवडून आलेला. तो चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे पोलीस दलाचा वर्दीतला प्रमुख, नेमतो, वेळ आली तर त्याला घरी पाठवतो, पोलिसांचा खर्च ठरवतो आणि घरपट्टीच्या कागदावर पोलिसांसाठी म्हणून वेगळी ओळ येते, तिचा आकडाही तोच लावतो. त्याआधी हे काम नगरसेवक आणि इतर सदस्यांची एक समिती करायची, आणि ती कुणालाच माहीत नसायची. म्हणून २०११ साली कायदा केला, की एकच माणूस असू दे, लोकांनी निवडलेला, चेहरा असलेला. आणि त्या पहिल्या निवडणुकीत इंग्लंड-वेल्समध्ये मतदान झालं पंधरा टक्के. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका केंद्रावर तर दिवसभरात एकही माणूस फिरकला नाही. पेटी जशी आली तशी परत गेली. त्या केंद्रावरच्या बायकांचं मला अजून वाईट वाटतं. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दाराकडे बघत बसणं काय असेल!

तेरा वर्षांनी, मुलीनं ते कार्ड हातात घेतलं त्याच आठवड्यात बातमी आली होती, की हे पदच रद्द होणार. मे २०२८ मध्ये मुदत संपली की पुन्हा निवडणूक नाही. जिथे निवडून आलेला महापौर आहे तिथे काम महापौराकडे, नसेल तिथे परिषदांच्या प्रमुखांच्या मंडळाकडे. लोकांना हे आयुक्त ठाऊकच नाहीत, असं कारण दिलं गेलं. आणि मी ओट्याशी उभी होते, हाताला पीठ, समोर मी स्वतः टाकलेल्या मताचा पुरावा, आणि नाव काही केल्या जिभेवर येत नव्हतं.

एरवी मी हे विसरून गेले असते. पण मी ज्या गावातून आले तिथे पोलिसांना फोन कोण करू शकतो हे शाळकरी पोरालाही पाठ असायचं.

तालुक्याचं गाव. वडील शाळेत मास्तर. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. १९८९ साली असेल, बाजाराच्या दिवशी अप्पांची लुना चोरीला गेली. हिरव्या रंगाची, मागच्या सीटवर आईनं शिवलेली रेक्झिनची गादी. अप्पा मला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथलं बाकडं मला अजून दिसतं. पुढची कड बसून बसून गुळगुळीत झालेली आणि बसणाऱ्याच्या मांडीला टोचेल असा एक खिळा. भिंतीवर काळा फळा होता, त्यावर पांढऱ्या रंगानं रकाने आखलेले : खून, दरोडा, घरफोडी, चोरी. पुढे खडूनं आकडे. चोरीपुढचा आकडा मला लहानसाच वाटला होता. हवालदार म्हणाले, “मास्तर, आधी नीट शोधा. ओळखीच्यानंच नेली असंल. दोन दिवस बघा.” दोन दिवसांनी गेलो तर साहेब बंदोबस्ताला गेले होते. तिसऱ्या खेपेला एक अर्ज लिहून ठेवून घेतला, पण शिक्का काही मारून दिला नाही. अप्पांनी मागितला तेव्हा हवालदार फळ्याकडे बघत होते. आज कळतं ते फळ्याकडे का बघत होते. नोंद केली की आकडा वाढतो, आकडा वाढला की वरून विचारणा होते.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून अप्पा नगराध्यक्षांच्या वाड्यावर गेले. मीही होते. सोप्यावर चपलांचा ढीग. आत एका स्टुलावर काळा फोन, त्याच्या तबकडीला पितळेचं चिमुकलं कुलूप. नगराध्यक्षांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, तबकडी फिरवली आणि एवढंच म्हणाले, “हां, मास्तर येतायत. माझा माणूस आहे.” फोन ठेवला आणि कुलूप परत लावलं.

त्या दिवशी ठाण्यात अप्पांना खुर्ची मिळाली. चहा आला, मला गोळी मिळाली, दहा मिनिटांत फिर्याद लिहून झाली आणि निळ्या कार्बनची प्रत अप्पांच्या हातात पडली. मला वाटलं आता अप्पा खूश होतील. परत येताना ते वाटेत एकदाच बोलले, तेही माझ्याशी नव्हे. “मी त्यांचा माणूस कधीपासून झालो?” पुढल्या निवडणुकीत आमच्या कुंपणाच्या भिंतीवर कुणीतरी न विचारता निशाणी रंगवली. कुणाला मत दिलं हे आईलाही न सांगणारा माझा बाप ती भिंत बघून आत गेला आणि पेपर उघडून बसला. पावसाळे येऊन ती निशाणी आपोआप फिकी होईपर्यंत भिंत तशीच होती.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आजही म्हणाले असते, की लोकांनी निवडलेल्या माणसाचं पोलिसांनी ऐकावं, अडलेल्याचं काम तरी होतं. पण आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी यायच्या. वर्षभरानं त्यांच्या मुलाला बाजारात काही जणांनी मारलं, हात मोडेपर्यंत. मारणारे वाड्यावर ऊठबस असलेले. मावशी ठाण्यात गेल्या, त्याच बाकड्यावर बसल्या. त्यांच्या तक्रारीची अदखलपात्र म्हणून एका ओळीची नोंद झाली आणि दोन दिवसांत ‘आपसात मिटलं’ म्हणून अंगठा घेतला गेला. दुसऱ्या दिवशी त्या कामाला आल्या. मी त्यांना चहा नेऊन दिला तेव्हा त्या राखेनं पातेलं घासत होत्या आणि मान वर न करता म्हणाल्या, “वरनं फोन आला म्हनं.”

तोच वाडा आणि तोच फोन.

त्यामुळे इथले लोक जेव्हा सहज म्हणतात, की पोलिसांवरची देखरेख महापौराकडे दिली तर बिघडलं कुठे, तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हलतं. त्यांना ते कुलूप लावलेलं स्टूल दिसत नाही. आपल्याकडे महापौराला पोलिसांबाबत कसलाच अधिकार नाही. मुंबईचा प्रथम नागरिक असला तरी पोलीस आयुक्त उत्तर देतो ते राज्याच्या गृहखात्याला. कागदावर हे स्वच्छ दिसतं. पण अधिकार नसला म्हणून सत्ता नसते असं थोडंच आहे! बदली, बढती, नेमणूक ज्याच्या शब्दानं होते त्याचा फोन घेतला जातो, मग कायद्यात त्याचं नाव असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात हीच गाठ सोडवायला निर्देश दिले : अधिकाऱ्याला किमान दोन वर्षांची मुदत, बदल्यांसाठी मंडळ, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायदा बदलला, मंडळं आली. तरी गावात कुणाची लुना गेली तर आजही पहिला प्रश्न ‘ओळखीचं कुणी आहे का’ हाच असतो. मागच्या वर्षी गेले तेव्हाही तोच ऐकला.

इथे आल्यावर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आयुक्तानं काय करायचं नाही, हे लिहून ठेवलेलं आहे. कुणाला पकडायचं, कुणाची चौकशी थांबवायची, कुठल्या गल्लीत गाडी पाठवायची, हे त्याला सांगता येत नाही. ते चीफ कॉन्स्टेबलचं काम. आयुक्तानं आराखडा लिहायचा, पैसे द्यायचे, जाब विचारायचा. जिथे महापौराकडे हे अधिकार आधीच गेलेत तिथेही तीच रेघ आहे. लंडनमध्ये २०१२ पासून, मँचेस्टर परिसरात २०१७ पासून.

आणि तरी मँचेस्टरचं प्रकरण वाचलं तेव्हा मी पुन्हा त्या बाकड्यावर जाऊन बसले. डिसेंबर २०२० मध्ये पोलीस निरीक्षणालयाचा अहवाल आला, की तिथल्या पोलिसांनी वर्षभरात सुमारे ८०,००० गुन्हे नोंदवलेच नाहीत. लोकांनी सांगितलेल्या पाचातला एक गुन्हा कागदावर चढलाच नव्हता. कारणं आमच्या तालुक्यापेक्षा वेगळी असतील, तिथे फळा नव्हता, संगणक होते. पण अर्ज हातात धरून परत फिरलेल्या माणसाला काय वाटतं, ते दोन्हीकडे सारखंच की. महापौर होते, त्यांच्याकडे देखरेख होती, साडेतीन वर्षं होती, तरी हे निरीक्षणालयाला सांगावं लागलं. प्रत्यक्षात पोलिसांचं काम बघायच्या त्यांच्या उपमहापौर, आणि त्या काही लोकांनी निवडलेल्या नव्हत्या. याला मी देखरेख म्हणत नाही, हे मोकळेपणानं सांगते.

पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. चीफ कॉन्स्टेबल पायउतार झाले, नवे आले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात ते दल विशेष देखरेखीतून बाहेर पडलं. त्या सगळ्या काळात मँचेस्टरमधल्या माझ्या मैत्रिणीला कुणाचं नाव घेऊन चिडायचं हे माहीत होतं. ती महापौर अँडी बर्नहॅमवर चिडत होती, बसच्या थांब्यावरची माणसंही त्यांच्यावरच चिडत होती. त्याच वर्षी मला कुणी विचारलं असतं, की तुमच्या भागात जबाबदार कोण, तर मी गप्प राहिले असते. चिडायला नाव असणं ही लहान गोष्ट नाही. मावशींना नाव ठाऊक होतं, पण ते घ्यायची सोय नव्हती. मला सगळी सोय होती आणि नाव ठाऊक नव्हतं.

ते नाव मी नंतर शोधून काढलं. आमच्या वेस्ट मिडलंड्सचे पहिले आयुक्त बॉब जोन्स. विशेष म्हणजे हे पदच असू नये या मताचे ते होते आणि तसं सांगूनच उभे राहिले होते. २०१४ च्या जुलैत ते अचानक वारले. ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक झाली, मतदान जेमतेम दहा टक्के. तेव्हा मी सुट्टीसाठी माहेरी होते, अंगणात नाचणाऱ्या पोरांत लेक पहिल्यांदा चिखलात लोळली होती, आणि इथे आमच्या जवळजवळ तीस लाखांच्या वस्तीचा पोलिसांवरचा पहारेकरी बदलला याचा मला पत्ताही नव्हता.

पुढे इथल्या महापौरांना हे अधिकार स्वतःकडे हवे होते. सरकार तयार होतं. आयुक्त न्यायालयात गेले आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं ते हस्तांतर बेकायदा ठरवलं, कारण लोकांचं मत मागवताना लोकांना पुरेशी माहितीच दिली नव्हती. दोन मोठ्या माणसांच्या भांडणाचा निकाल ‘लोकांना नीट विचारलं नाहीत’ या मुद्द्यावर लागावा, हे वाचून मला भरून आलं होतं. त्या मे महिन्यात एकाच दिवशी महापौर आणि आयुक्त अशा दोन मतपत्रिका हातात पडल्या. महापौरपदाचा निकाल १,५०८ मतांनी लागला. त्याची चर्चा भाजीच्या दुकानातही झाली. आयुक्त कोण झाले हे आमच्या मराठी मंडळाच्या गटावर कुणी लिहिलंसुद्धा नाही.

२०२६ च्या जानेवारीत मात्र सगळ्यांना कळलं. इथल्या चीफ कॉन्स्टेबलवर आपला विश्वास उरला नाही असं गृहमंत्री संसदेत म्हणाल्या, पण काढायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, तो आयुक्तांकडे होता. दोन दिवसांत चीफ कॉन्स्टेबल स्वतःच निवृत्त झाले. लंडनमध्ये २०२२ साली महापौरांनी विश्वास नाही म्हटल्यावर तिथल्या पोलीस आयुक्तांनी (लंडनमध्ये हे नाव वर्दीतल्या प्रमुखाचंच) राजीनामा दिला होता, आणि नंतरच्या चौकशीत म्हटलं गेलं, की ठरलेली पद्धत पाळली गेली नाही. मला ही चौकशी महत्त्वाची वाटते. काढलेला माणूस चांगला की वाईट, हा प्रश्न तिथे नव्हताच. दार कुठल्या बाजूनं उघडलं हे त्यांनी तपासलं.

माझं मत महापौराच्या बाजूनं झुकतं, हे लिहिताना हात थोडा थरथरतो. ज्याचं नाव भाजीच्या दुकानात घेतलं जातं त्याच्याकडेच जाब असावा, नाहीतर मत ओल्या हॉलमध्ये पेटीत पडून राहतं. पण महापौरानं पोलिसांना जे काही सांगायचं ते लेखी असावं आणि कुणालाही वाचता यावं. काम उपमहापौरावर सोपवून मोकळं होता येऊ नये. आणि फिर्याद नाकारली गेलेल्या माणसाला महापौराच्या ओळखीशिवाय जाता येईल असं दुसरं दार शाबूत हवं. ही तिसरी अट इथल्या चर्चेत मला फारशी ऐकू येत नाही. ज्यांना बाकड्यावर कधी तिसऱ्यांदा बसावं लागलं नाही, त्यांना ती सुचणार कशी?

रविवारी अप्पांना फोन केला. ब्याऐंशी झालेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागतं आणि मोठ्यानं बोललं की सगळं आपोआप सोपं करून सांगितलं जातं. म्हटलं, “अप्पा, इथे आता पोलिसांवर नगराध्यक्षाची देखरेख येणार. मोठ्या नगराध्यक्षाची.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाले, “फोन कुठं असतो त्याचा? घरी, का हापिसात?”

“हापिसात, अप्पा. आणि जे सांगतो ते कागदावर असतं.”

“सगळं?”

मला लगेच ‘हो’ म्हणता आलं नाही.

अप्पा उठले. पडद्यावर नुसती भिंत आणि कॅलेंडर दिसत राहिलं. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद कॅमेऱ्यापुढे धरला. निळा कार्बन जांभळट होऊन पार उडत आला होता, घडीवर कागद फाटला होता. लुना चार महिन्यांनी सापडली होती, ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली गंजत उभी, गादी गायब. ती विकूनही आता तीस वर्षं झाली. “गुन्हा रजिस्टर नंबर वाच,” अप्पा म्हणाले. मला वाचता येत नव्हतं, अक्षरं फार फिकी होती. मग त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि मला तो नंबर न बघता म्हणून दाखवला.